नापास गाडीचं प्रगतिपुस्तक

इंग्लंडात गाडीलाही प्रगतिपुस्तक असतं, आणि ते कुणालाही वाचता येतं! सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकायचा, की ती गाडी कधी तपासली, पास झाली की नापास, कशात नापास झाली, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, सगळं समोर येतं. मालकाचं नाव तेवढं दिसत नाही. जन्मभर प्रगतिपुस्तकं भरलेल्या बाईला याहून चांगली करमणूक कुठली मिळणार? २०२५ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे यॉर्कशायरात तीन महिने होते, तेव्हा दुपारच्या चहानंतर माझं हेच वाचन चालायचं. त्यातही एकाच जातीच्या गाडीचं. क्वाड बाइकचं.

मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने क्वाड बाइकवर लिहावं, याचं काही जणांना हसू येईल. येऊ दे. पण आधी त्या परीक्षेबद्दल दोन शब्द.

तिला तिकडे एमओटी म्हणतात. म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. त्या नावाचं खातं आता राहिलेलं नाही, पण परीक्षेला नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या सातारच्या भाषेत सांगायचं तर गाडीचं 'पासिंग'. १९६० साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना होती, आणि विषय तीनच होते : ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की सरकारच हादरलं. पुढच्याच वर्षी दहाची मर्यादा सातवर आणली आणि १९६७ मध्ये तीनवर. टायर हा विषय १९६८ साली अभ्यासक्रमात आला. आता गाडी तीन वर्षांची झाली की पहिली परीक्षा, आणि मग दरवर्षी एक. (उत्तर आयर्लंडचे नियम थोडे वेगळे आहेत.) ही परीक्षा सरकारी कचेरीत नसते, परवाना मिळालेल्या साध्या गॅरेजमध्ये असते. दारावर निळी पाटी आणि तिच्यावर तीन पांढरे त्रिकोण दिसले, की समजायचं इथे पासिंग होतं.

आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर धुराचं पीयूसी तेवढं काढत राहायचं. ब्रेक लागतात का, हँडल सरळ आहे का, हे पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. आमची चेतक १९८४ ची. १९९९ साली हे तिला पहिल्यांदा पासिंगला घेऊन गेले, तेव्हा सोबत त्यांची ती निळ्या पुठ्ठ्याची वहीही घेऊन गेले होते. तिच्यात तारीखवार लिहिलेलं असायचं : क्लच वायर बदलली, मागचे लायनर बदलले, पुढच्या टायरची ट्यूब बदलली. तिथल्या साहेबांनी वही उघडूनसुद्धा पाहिली नाही, पण ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. "वही त्यांच्यासाठी नाहीच," म्हणाले.

असो. विषय क्वाडचा आहे.

क्वाड म्हणजे चार जाड चाकांवर बसवलेली मोटारसायकल. हँडल मोटारसायकलचं, बसायचं घोड्यावर बसल्यासारखं, आणि डोक्यावर छप्पर नाही. यॉर्कशायरच्या त्या भागात डोंगरउतारावर दगडी बांध आणि मेंढ्या, मेंढ्या आणि दगडी बांध. तिथल्या मेंढपाळाची क्वाड म्हणजे आपल्याकडच्या धनगराचं घोडं. पुढे जाळीवर चाऱ्याची पेंढी आणि मागच्या बाजूला उभा कुत्रा! शेतावरच फिरणाऱ्या क्वाडचे नियम निराळे आहेत. पण रोज डांबरी रस्त्याने ये-जा करायची, तर क्वाडही गाडीसारखीच नोंदवावी लागते, तिचा विमा काढावा लागतो आणि तिसऱ्या वर्षापासून तिचंही पासिंग करावं लागतं. फीदेखील मोटारीएवढीच, जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स.

आता हे सगळं मला का वाचावं लागलं, ते सांगते. आमच्या नातवाबद्दल नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं आहे, आणि लेकीने प्रत्येकाला निराळं उत्तर दिलं आहे. तेव्हा एकदाच लिहून टाकते. तो एकोणीस वर्षांचा आहे. ए लेव्हलला त्याला हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, विद्यापीठातली जागा हुकली. पुन्हा बसायला तो तयार नाही. गेलं वर्षभर तो पाच मैलांवरच्या एका मेंढ्यांच्या शेतावर कामाला जातो आणि तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली चुन्या-सिमेंटाशिवाय दगडाचे बांध रचायला शिकतो. काम त्याला आवडतं. त्याच्या आईला आवडत नाही. आणि ज्या घरात "पुढे काय?" हा प्रश्न रोज रात्री ताटाशेजारी वाढला जातो, तिथे पोराला लवकर उठून बाहेर पडावंसं वाटणारच.

बाहेर पडायला गाडी हवी. त्या वयाच्या मुलाला मोटारीचा विमा इतका महाग पडतो की गाडी स्वस्त वाटावी. म्हणून त्याने जुनी, रस्त्यावर चालणारी क्वाड घ्यायचं ठरवलं. शेतावर जायलाही तीच आणि शेतावर फिरायलाही तीच. लेकीचा साफ विरोध. तिला वाटत होतं, एकदा क्वाड आली की हा कायमचा त्या डोंगरावर गेला. दोघंही माझ्याशी बोलत आणि एकमेकांशी बोलत नसत. शेवटी जावई म्हणाले, "आई, तुम्ही तरी बघा त्या गाड्यांचं काय ते." मला गाडीतलं काही कळत नाही, पण निकालपत्र वाचता येतं.

तर हे निकालपत्र कसं असतं ते पाहा. मे २०१८ पासून दोषांचे वर्ग केले आहेत. 'डेंजरस' म्हणजे धोकादायक. हा दोष निघाला तर गाडी दुरुस्त केल्याशिवाय रस्त्यावर आणायचीच नाही. 'मेजर' म्हणजे मोठा दोष, यातही नापासच. 'मायनर' म्हणजे किरकोळ, पास करतात पण दुरुस्त करा म्हणतात. आणि शेवटचा 'अ‍ॅडव्हायझरी'. म्हणजे आज दोष म्हणता येणार नाही, पण लक्ष ठेवा. हा शब्द वाचला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं! आपण प्रगतिपुस्तकात लिहीत होतो ना, 'वरच्या वर्गात घातले आहे, गणिताकडे लक्ष द्यावे', तोच हा शेरा. आणखी एक कळलं, तेही सांगते. निकालात 'निअरसाइड' असेल तर फुटपाथकडची बाजू, 'ऑफसाइड' म्हणजे रस्त्याच्या मधली. तिकडेही वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे ऑफसाइड म्हणजे उजवी.

जाहिरातीत दिसतील त्या क्वाडचे नंबर टाकून मी वीसेक निकालपत्रं वाचली. त्याच त्याच विषयांत सगळ्या नापास होतात. वर्गातली मुलं जशी अपूर्णांकात आणि ऱ्हस्वदीर्घात जातात, तशा क्वाड कशात जातात ते सांगते.

पहिला विषय पुढच्या चाकांचे सांधे. क्वाडचं पुढचं चाक वरखालीही होतं आणि वळतंही. त्यासाठी तिथे बॉल जॉइंट असतात, म्हणजे आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा वाटीत बसलेला गोळा. त्यावर रबराची टोपी असते. खड्ड्यांतून, चिखलातून गाडी फिरली की टोपी फाटते, आत माती-पाणी जातं आणि गोळा वाटीत खुळखुळायला लागतो. मेकॅनिक म्हणतात 'प्ले आलाय'. थोडा प्ले असेल तर शेरा, जास्त असेल तर नापास, आणि सांधा निसटायच्या बेताला आला असेल तर धोकादायक. हँडलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला जो सांधा असतो, त्या टाय रॉड एंडचंही तेच. चाकाच्या बेअरिंगचंही तेच. चाक वर-खाली धरून हलवलं की कळतं.

दुसरा विषय ब्रेक. पॅड झिजून दीड मिलिमीटरपेक्षा पातळ झालं की नापास. क्वाड चिखलात जाते, त्यामुळे पॅड मोटारीपेक्षा लवकर खलास होतात. हँडब्रेक ओढूनही गाडी धरून ठेवत नाही, ही तक्रारही नेहमीची. तिसरा विषय दिवे. यात नापास व्हायला खरं तर काही कारण नसतं, तरी सगळ्यात जास्त याच्यात जातात. पुढच्या दिव्याचा झोत फार वर नाहीतर फार खाली, नंबरप्लेटवरचा दिवा गेलेला, हॉर्न मुका. पाय दाबला की मागचा ब्रेक लाइट लागतो, पण हाताचा ब्रेक दाबला की लागत नाही, हे तर फारच. क्वाड धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारतात, ते पाणी त्या बटणांत आणि जोडांत शिरतं. चौथा विषय टायर : भेगा पडलेले, चिरलेले. पाचवा म्हणजे चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावरचा रबरी बूट फाटलेला. शिवाय गंजलेला सांगाडा, तेल गळणारे शॉकअप आणि गळका, नाहीतर कान किटवणारा सायलेन्सर.

एक गंमत म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कसे आहेत, हे या परीक्षेत बघतच नाहीत. गाडी पळते कशी, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. ती थांबते का, वळते का, आणि दुसऱ्याला दिसते का, एवढंच.

नातवाने दोन गाड्या निवडल्या होत्या. एक काळी, एक लाल. काळी २०१५ ची, लाल २०१३ ची. काळी दिसायला नवी कोरी, मीटरवर साडेतीन हजारांच्या वर थोडेच मैल, किंमत थोडी जास्त. तिचा मालक फोनवर अभिमानाने सांगत होता, आजवर एकदाही नापास नाही. लाल दोन वर्षांनी मोठी, बारा हजार मैल चाललेली, पुढच्या मडगार्डला टाका घातलेला, आणि चार वेळा नापास! साहजिकच पोराचं मन काळीवर. मी दोन्ही निकालपत्रं कागदावर उतरवून घेतली. शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मला काही सुचत नाही, जुनी सवय.

काळीचा पहिला निकाल जून २०१८ चा, निर्मळ. जून २०१९ ला पास, शेरा : उजव्या पुढच्या चाकाच्या खालच्या बॉल जॉइंटला थोडा प्ले, पुढच्या टायरना बारीक भेगा. २०२० च्या उन्हाळ्यात करोनामुळे सरकारने सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली होती, म्हणून पुढचा निकाल डिसेंबरचा. पास, शेरा तोच. २०२१, पास, शेरा तोच, शिवाय मागचे ब्रेक पॅड संपत आलेत. २०२२, तेच. २०२३, तेच. २०२४, अक्षर न् अक्षर तेच. आणि मैल? २०२० पासून दरवर्षी चाळीस-पन्नास. म्हणजे ही गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवलेली असायची. परीक्षेच्या दिवशी पुसून न्यायची, काठावर पास करून आणायची आणि पुन्हा झाकायची.

लालची गोष्ट निराळी. २०१६ ला पास. २०१७ ला नापास : दिव्याचा झोत आणि ब्रेक लाइट. त्याच दिवशी दुपारी पास. २०१८ ला नापास : टाय रॉड एंडला जास्त प्ले, रबरी बूट फाटलेला. दोन दिवसांनी पास. २०१९ आणि २०२० निर्मळ. २०२१ ला नापास : डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. चार दिवसांनी पास. २०२२ ला पास, शेरा : मागचे टायर झिजत आलेत. २०२३ च्या निकालात टायरचा शेराच नाही, म्हणजे बदलले. २०२४ ला नापास : हॉर्न आणि नंबरप्लेटचा दिवा. त्याच दिवशी पास. आणि दरवर्षी मीटर हजारभर मैलांनी पुढे.

मी नातवाला दोन्ही कागद दाखवले. म्हटलं, "काळीचा एक शेरा मला दाखव, जो पुढच्या वर्षी गेला. आणि लालचा एक दोष दाखव, जो पुन्हा आला."

त्याने बराच वेळ कागद उलटसुलट केले. मग म्हणाला, "पण आजी, चार वेळा फेल झालेली गाडी कशी घेऊ? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! यॉर्कशायरात वाढलेल्या पोराच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "तू गाडी चालवायच्या परीक्षेत कितव्यांदा पास झालास?" तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी गोल चौकात चुकला, दुसऱ्या वेळी आरशात न बघता वळला. "मग आता कसा चालवतोस?" आमचे जावई फार बोलणारे नाहीत, पण ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आरशात बघायचं तर कधीच विसरत नाही." लेक स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला, एवढं मला कळलं.

तरी खात्री करायची म्हणून काळीच्या मालकाला विचारलं, विकत घेण्याआधी आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा पासिंग करून घेतलं तर चालेल का? तो बिचारा हो म्हणाला, त्याला काही लपवायचं नव्हतंच. फी मी भरली. आजीची भेट म्हणून!

गंमत अशी की सगळी गॅरेजं क्वाड घेत नाहीत, तेव्हा जरा लांबचं गॅरेज शोधावं लागलं. तिथे परीक्षा बघायला एक जागा राखून ठेवलेली असते, आणि तो गिऱ्हाइकाचा हक्कच असतो. बघायचं, पण मध्ये बोलायचं नाही. आपल्याकडे पालकांना वर्गाच्या खिडकीत उभं करायचे तसंच. नातू, मी आणि काळीचा मालक असे तिघं काचेमागे बसलो. तपासनीस पन्नाशीचा होता. आधी दिवे, हॉर्न, सगळी बटणं. मग गाडी वर उचलून पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. एकदा, दोनदा. मग आमच्याकडे न बघता टॉर्च घेऊन खाली वाकला आणि बॉल जॉइंटवर बोट ठेवलं. मालक खुर्चीत पुढे सरकला. ब्रेक बघायला तो गाडीवर एक छोटं यंत्र बसवून तिला बाहेर घेऊन गेला. वेग धरून ब्रेक मारला की गाडी किती जोरात थांबते, ते त्या यंत्रात दिसतं.

निकाल : नापास. उजव्या खालच्या बॉल जॉइंटला प्रमाणाबाहेर प्ले, मेजर. मागचे पॅड दीड मिलिमीटरच्या आत, मेजर. हाताचा ब्रेक दाबल्यावर ब्रेक लाइट लागत नाही, मेजर. टायरच्या भेगा, शेरा.

मालक म्हणाला, सहा महिन्यांपूर्वी तर पास झाली होती. तपासनीस शांतपणे म्हणाला, सहा महिन्यांपूर्वी झाली होती. पासचा कागद त्या दिवसापुरता असतो, उद्याची हमी कुणी देत नाही. 'थोडा' प्ले आणि 'जास्त' प्ले यांच्यामध्ये शेवटी तपासणाऱ्याचा हातच असतो, हे तर निबंधाचे पेपर तपासलेल्या मला कुणी सांगायला नको. पण सहा वर्षं एकच शेरा येत राहिला, की कधीतरी एखादा हात म्हणणारच, आता पुरे. मालकाचा राग आला नाही, वाईट वाटलं. त्याने गाडी जपली होती, पण झाकून. दुरुस्त करून घेईन म्हणाला. तिथेच ठेवून दुरुस्त केली तर दहा कामाच्या दिवसांत राहिलेल्या विषयांची फेरपरीक्षा फुकट असते.

नातवाने लाल घेतली. लालच्या मालकीणबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या निघाल्या. गाडीबरोबर त्यांनी एक जाडजूड फाइल दिली, प्रत्येक सुट्या भागाची पावती लावलेली. मला ह्यांची निळी वही आठवली. पावत्या बघून नातू म्हणाला, "आजी, आजोबांची वही अजून आहे?" आहे. कपाटात आहे. सातारला आल्यावर तिचे फोटो काढून पाठवले त्याला.

लेकीने तीन अटी घातल्या. हेल्मेटशिवाय बसायचं नाही, मागे कुणाला बसवायचं नाही, आणि क्वाड चालवायचं रीतसर शिक्षण घ्यायचं. तिकडे रस्त्यावर क्वाडसाठी हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, हे ऐकून मी थक्क झाले. कामावर क्वाड वापरणाऱ्यांना मात्र तिथलं सुरक्षाखातं हेल्मेट घालाच म्हणून सांगतं. कारण क्वाडला भोवती सांगाडा नाही. ती उलटली तर माणूस खाली आणि गाडी वर. उतारावर, वळणावर अंग कोणत्या बाजूला झुकवायचं हे शिकावं लागतं. शेतावरच्या क्वाडच्या टायरमध्ये हवा अगदी कमी असते, दोन ते सात पौंड, आणि दोन चाकांत एका पौंडाचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढू शकते. वर्षातून एकदा होणाऱ्या परीक्षेत यातलं काय पकडणार? ते ज्याचं त्याने रोज सकाळी बघायचं. आता नातू बघतो. त्याची आई खिडकीतून तो बघतो की नाही ते बघते. तिने अजून त्याचं काम मान्य केलेलं नाही. पण सकाळी गाडी बाहेर काढताना "टायर बघितलेस का रे?" असं विचारते, आणि तो "हो आई" म्हणतो. मी गेले तेव्हा त्या घरात तेवढंही बोलणं नव्हतं.

आता जे पुण्या-मुंबईचे भाचे-पुतणे हे वाचत आहेत त्यांच्यासाठी. कोकणातल्या किनाऱ्यांवर तुम्ही पैसे देऊन ज्या एटीव्हीवर बसता, ती हीच क्वाड. आपल्याकडे रस्त्यावर चालवण्यासाठी अशा गाड्यांची नोंदणी सहसा होत नाही, त्यामुळे नंबर नाही, पासिंग नाही आणि वाचायला प्रगतिपुस्तकही नाही. शिवाय खारं पाणी आणि वाळू यांच्याइतका सांध्यांचा आणि बेअरिंगचा दुसरा वैरी नाही. तेव्हा पोरांना बसवण्याआधी दोन मिनिटं स्वतः परीक्षक व्हा. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, खुळखुळलं तर ती गाडी नको. दोन्ही ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा. चारही टायर सारखे फुगलेले आहेत का ते बघा. हेल्मेट मागा. नाही म्हणाला तर सरळ निघा, भेळ खा.

आणि नातवाबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच. बांध रचायचं त्याचं पहिलं काम, सहा हात लांबीचं, म्हाताऱ्या गवंड्याने दोनदा पाडायला लावलं. तिसऱ्यांदा राहू दिलं. तो बांध मी पाहून आले आहे. हाताने ढकलूनही पाहिला. प्ले नाही.